काळ्या पुस्तकाला कुंकू

आमच्या घरी दसऱ्याला पहिली पूजा वडिलांच्या आकड्याची. वडील वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी कामगार, आणि गोणीला अडकवून ती पाठीवर घ्यायचा तो लोखंडी आकडा हे त्यांचं हत्यार. आई तो चिंचेनं घासून पाटावर ठेवायची, हळद-कुंकू लावायची, झेंडूचं फूल वाहायची. मग विळी, मग शिलाई मशीन, मग माझी पुस्तकं. साताऱ्याकडून कोपरखैरण्याच्या खोलीत येताना तिनं फारसं काही आणलं नव्हतं, पण ही रीत आणली होती. ज्याच्यावर घर चालतं त्याच्या कपाळाला कुंकू लागलंच पाहिजे. आकड्याला कपाळ नसतं, तर ते कुठं मानायचं हे तिचं ती ठरवायची.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या गोष्टीत पुष्कळ लोक तिला हसले आहेत. त्यांच्यात आणखी कुणाची भर नको.

नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. खाडीकडच्या एका नव्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होते. इमारत इतकी नवी की गच्चीवर पुढच्या मजल्याच्या सळया तशाच उभ्या होत्या. लॅब मात्र एसी. दारात चपला-बूट काढायचे आणि मग आत जायचं, कारण धुळीनं मशीन बिघडतं असं तेव्हा सगळेच मानायचे. त्यामुळे कुणाचा मोजा फाटका, कुणाच्या टाचेला भेगा, हे वर्गात लपून राहायचं नाही. आमचे गाइड सर एकदा माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "शेताची माती अजून गेली नाही वाटतं." शेत मी फक्त मे महिन्यात सुट्टीला गेल्यावर बघायची.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रोजेक्ट करावा लागायचा आणि त्यावर देखरेख करायला एक मास्तर नेमून द्यायचे, तो गाइड. आमच्या सरांची भाषा सुरेख होती. शुद्ध, सावकाश, एकेक शब्द निवडून काढलेला. त्या शब्दांनी ते पोरांना सोलायचे. आवाज कधी चढवला नाही, कुणाला मूर्ख म्हटलं नाही. नुसतं विचारायचे, "घरी कुणी शिकलेलं आहे का?" आणि उत्तराची वाट बघत थांबायचे. असा थंडपणे छळणारा माणूस मी नंतर पाहिला नाही, आणि नोकरीत मी पुष्कळ साहेब पाहिले.

सर दरवर्षी सगळ्यांना एकच प्रोजेक्ट घ्यायला लावायचे: लायब्ररीचं कॉम्प्युटरायझेशन. मागच्या वर्षीच्या मुलांचा प्रोग्रॅम घ्यायचा, रंग बदलायचे, नाव बदलायचं. सरांना तपासायचा त्रास नाही, मुलांना लिहायचा नाही. आमची लायब्ररी अशी दरसाल कॉम्प्युटरवर जात होती आणि तिथला शिपाई अजून लाकडी खणातल्या कार्डांत बोटं घालून पुस्तक शोधत होता. मी सरांना म्हटलं, "सर, मला बाजारातल्या गाड्यांचं करायचंय."

बाजारात कांद्याच्या गाड्या पहाटे यायच्या. कुठली गाडी कुठल्या गाळ्याला लागणार, ती कुठल्या माथाड्यांची टोळी खाली करणार, यावरून रोज तंडे. एका टोळीच्या कमरा मोडायच्या आणि दुसरी तोंडाकडे बघत बसायची. हे मी लहानपणापासून जेवताना ऐकत आले होते. गाडी आत आली की तिचा गाळा आणि मोकळी टोळी पडद्यावर दिसावी, एवढाच माझा प्रोग्रॅम.

"कांद्याचं इंजिनिअरिंग," सर वर्गाकडे बघून म्हणाले. "करू द्या. निदान डोळ्यांना पाणी तरी येईल."

वर्ग हसला. मी लायब्ररीला नाही म्हटलं, हा माझा गुन्हा. सरांनी तो वर्षभर मनात जपला.

प्रोजेक्ट दोघांनी मिळून करायचा असे. माझा पार्टनर वाशीच्या एका सोसायटीत राहणारा, गोरागोमटा, कायम "टेन्शन नको घेऊ यार" म्हणणारा. त्यानं टेन्शन घेतलंच नाही. प्रोग्रॅम मी लिहिला. त्यानं रिपोर्ट टाइप केला, त्यातलीही चित्रं मी काढून दिलेली. तक्रार नव्हती माझी. त्याला बाजारातली गाडी आणि बैलगाडी यातला फरक कळत नव्हता, पण टायपिंग छान होतं.

मला घाई होती ती वेगळ्याच गोष्टीची. अंधेरीची एक कंपनी कॉलेजात येऊन इंटरव्ह्यू घेऊन गेली होती आणि तिनं निवडलेल्यांत मी होते. अट एकच, या जूनमध्ये पास झालं पाहिजे. एकाही विषयात अडकलीस तर जागा गेली. वडिलांनी टोळीत सांगून टाकलं होतं, आणि टोळीतली माणसं मला रस्त्यात बघून "सायब आली, सायब" म्हणून बाजूला व्हायची. ती चेष्टा मला फार आवडायची. बाकीचे पेपर चांगले गेले होते. राहिला होता फक्त प्रोजेक्टचा व्हायवा, तोंडी परीक्षा.

व्हायवाला ब्लॅक बुक लागायचं. म्हणजे प्रोजेक्टचा रिपोर्ट, काळ्या जाड पुठ्ठ्यात बांधलेला, वर सोनेरी अक्षरांत विषय आणि विद्यार्थ्याचं नाव. प्रत्येकाचं वेगळं. मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कागदी खिसा, आणि त्यात प्रोग्रॅमची फ्लॉपी. तेव्हाची ती मोठी, पापडासारखी वाकणारी, काळी फ्लॉपी. तिच्या काळ्या कव्हराला एक लांबट खिडकी कापलेली असायची आणि तिच्यातून आतली तपकिरी तबकडी दिसायची. मशीन वाचतं ते तिथूनच. आम्हाला पहिल्या वर्षी पहिल्या तासाला शिकवलेली पहिली गोष्ट ही, की या खिडकीला बोट लावायचं नाही. परीक्षेचा नियमही सरांनी बजावून सांगितला होता: ज्याच्या त्याच्या ब्लॅक बुकमधली फ्लॉपी तीच खरी. दुसरी चालणार नाही.

व्हायवाच्या सकाळी मी आंघोळ करून आले तर माझं ब्लॅक बुक देवापुढं पाटावर. समोर निरांजन. पुठ्ठ्यावर, बरोबर माझ्या नावाच्या डोक्यावर, हळद-कुंकवाची दोन बोटं.

"आई, अगं परीक्षेचं आहे ते!"

"मंग? परीक्षेचं हाय म्हनूनच. वरीसभर राबलीस त्याच्यापायी, देवाला नगं दाखवाया?"

मी रुमालानं पुठ्ठा पुसला. डाग जवळजवळ गेला. आई बघत होती. तिला वाईट वाटू नये म्हणून मी कपाळ पुढं केलं, तिनं मलाही कुंकू लावलं, हातावर दही-साखर घातली. मी बसमध्ये बसले तेव्हा पुस्तक मांडीवर होतं आणि मी खुशीत होते.

परीक्षेला बाहेरून एक मास्तर यायचे, त्यांना आम्ही एक्स्टर्नल म्हणायचो. त्यांची सरबराई करायची ती पोरांनी, अशी प्रथा. त्या दिवशीचे एक्स्टर्नल घामानं भिजून आले होते आणि त्यांचं निम्मं लक्ष प्लेटमधल्या वेफर्सकडे होतं. माझ्या पार्टनरचा नंबर आधी. त्यानं आपल्या ब्लॅक बुकमधली फ्लॉपी काढून दिली, मशीननं ती वाचली, आणि माझ्या गाड्या पडद्यावर आपापल्या गाळ्याला लागल्या. एक्स्टर्नलनी विचारलं, "हे टोळी म्हणजे काय?" तो म्हणाला, "सर, ग्रुप." झाला पास.

मग मी. मी पुस्तकाच्या खिशातली फ्लॉपी काढली, कागदी पाकिटातून बाहेर घेतली आणि तशीच हातात धरून राहिले.

आईनं तीही देवाला दाखवली होती. सगळी काळीकुट्ट वस्तू, काळ्यावर कुंकू दिसत नाही. उघडी, चकचकीत, तपकिरी जागा एकच. तिथं तिनं ओलं बोट टेकवलं होतं. आधी हळद, वर कुंकू, आणि पाकिटात घालताना ते खिडकीभर फासलं होतं. आकड्याचं कपाळ जसं शोधायची तसं तिनं फ्लॉपीचं कपाळ शोधलं होतं.

"घाल ना," सर म्हणाले. त्यांनी बघितलं होतं.

"सर, ही खराब झालीय. याच्या फ्लॉपीवरून कॉपी करून घेते. प्रोग्रॅम एकच आहे आमचा."

"परीक्षेला उसनं मागतात का? घाल."

मी घातली. मशीन खरखरलं, थांबलं, पुन्हा खरखरलं. पडद्यावर आलं की ड्राइव्ह वाचता येत नाही. मी पार्टनरकडे बघितलं. त्यानं एक शब्द बोलायचा होता, की सर, हा प्रोग्रॅम हिनं लिहिलाय. त्याची फ्लॉपी त्याच्या हातात होती. त्यानं ती पाकिटात घातली, पाकीट पुस्तकात घातलं आणि खिडकीतून खाडी बघायला लागला. त्या खाडीत तेव्हा बघण्यासारखं काही नव्हतं, ओहोटी होती.

"सर, मी फळ्यावर लिहून दाखवते," मी म्हटलं. "कुठलाही भाग विचारा."

एक्स्टर्नलनी सरांकडे बघितलं. मला वाटतं ते हो म्हणाले असते. पण सरांनी ड्राइव्हमधून फ्लॉपी काढली, दोन बोटांत धरली आणि उजेडाकडे केली. "कॉम्प्युटरची ओटी भरली आहे हिनं," ते म्हणाले. "आपण विडा-सुपारी द्यायची काय ती राहिली." एक्स्टर्नलना हसताना ठसका लागला. दारात ओळीनं थांबलेली पोरं हसली. मोजे घातलेला, अनवाणी, सगळा वर्ग हसला. सरांनी एक्स्टर्नलना पाणी दिलं आणि पुढचा नंबर पुकारला.

मी नापास झाले. अंधेरीची जागा गेली. घरी मी सांगितलं की बाहेरून आलेल्या मास्तरांना माझा विषय आवडला नाही. आईनं त्या कधी न पाहिलेल्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि दोन दिवस जेवली नाही. टोळीतली माणसं मला बघून अजून बाजूला व्हायची, पण "सायब" म्हणायची बंद झाली.

पुढचे सहा महिने मी त्याच लॅबमध्ये, माझ्याहून लहान पोरांच्या शेजारी बसून तोच प्रोजेक्ट पुन्हा केला. आणि माझी ती फ्लॉपी समोरच्या नोटीस बोर्डावर होती. 'चपला बाहेर काढा' आणि 'खाद्यपदार्थ आणू नयेत' या दोन सूचनांच्या मधोमध सरांनी ती टाचणीनं टोचून ठेवली होती, आणि खाली प्रिंटरवर छापलेली पट्टी: 'हे करू नये.' दर नव्या बॅचला पहिल्या तासाला सर ती दाखवायचे. नाव सांगायचे नाहीत, नुसती माझ्याकडे नजर टाकायचे. पोरं मला 'ओटी' म्हणायला लागली. मी कामाशी काम ठेवलं. रोज घरी जाताना मनातल्या मनात सरांना शिव्या घालत जायची आणि घराच्या जिन्याखालच्या नळावर तोंड धुऊन वर जायची, कारण आईला काही कळता कामा नये, एवढं एकच त्या दिवसांत माझ्या हातात होतं.

हिवाळ्यात मी पास झाले. नव्या एक्स्टर्नलनी दोन प्रश्न विचारले आणि सही केली.

आईनं पेढे आणले आणि म्हणाली, सरांना मी स्वतः देणार. मी नको म्हटलं. सर सुट्टीवर आहेत म्हटलं, कॉलेजात बाहेरच्यांना सोडत नाहीत म्हटलं.

"गुरू हाय त्यो तुजा," ती म्हणाली. "पोर पास झाली आन् आय तोंड दावाया बी आली न्हाई, आसं म्हनतील लोक."

निकालाचा कागद घ्यायला मी गेले त्या दिवशी ती माझ्या मागोमाग निघालीच. ठेवणीतलं लुगडं, हातात पेढ्यांचा पुडा. लॅबच्या दारात चपला-बुटांची रांग बघून तिला बरं वाटलं. "देवळावानी हाय की गं," ती म्हणाली, आणि चपला काढून, पदर डोक्यावर घेऊन आत गेली. सर टेबलाशी होते. समोर नवी बॅच बसलेली.

तिला बोर्ड लगेच दिसला. वाचता येत नव्हतं, पण स्वतःचं बोट तिनं ओळखलं.

"आगं, ही माजी न्हवं? माजंच कुक्कू हाय ह्ये." तिचं तोंड असं फुललं की मला तिला धरून बाहेर ओढावंसं वाटलं. "सरांनी आजून जपून ठिवलंया!" आणि तिनं बोर्डाला हात जोडले.

"तुम्ही हिच्या आई ना?" सर उठले. "या, या. आम्ही रोज आठवण काढतो तुमची."

"सर, राहू द्या," मी म्हटलं.

"अगं, त्यांना कळायला नको?" सरांनी पुड्यातला पेढा घेतला, खाल्ला, रुमालाला बोटं पुसली. मग तिला बोर्डाजवळ नेऊन समजावून सांगितलं. इतकं सोपं करून त्यांनी आम्हाला कधी शिकवलं नव्हतं. इथं प्रोग्रॅम असतो, आई. इथून मशीन वाचतं. इथं तुम्ही हळद लावलीत, इथं कुंकू. मशीन आंधळं झालं.

आई ऐकत होती. शिकवणाऱ्या माणसापुढं मान हलवायची तशी हलवत होती. हळूहळू मान थांबली.

"म्हंजी तवा ती नापास झाली, ती..."

"तुमच्या कुंकवानं," सर म्हणाले. "पण वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला कसं कळणार?" आणि त्यांनी दुसरा पेढा घेतला.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पुढं झाली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि त्या खिडकीवरचं वाळलेलं कुंकू पुसायला लागली. अगदी हलक्या हातानं, तान्ह्या पोराचं नाक पुसतात तसं. "आता बगा, सर. आता चालंल का?"

नवी बॅच फुटली. इतका वेळ दाबून धरलेलं हसू होतं ते. सर हसले नाहीत, ते पोरांना "शांत, शांत" म्हणाले. त्यांची शांती मी विसरणार नाही. मी ती फ्लॉपी बोर्डावरून ओढून काढली, टाचणी उडून गेली. सर म्हणाले, "ती कॉलेजची प्रॉपर्टी आहे." सहा महिने पाठ केलेल्या शिव्यांतली एकही माझ्या तोंडात आली नाही. आईनं माझ्या हातातून फ्लॉपी घेतली, सरांच्या टेबलावर नीट ठेवली आणि म्हणाली, "चुकलं माजं, सर." आणि वाकून त्यांच्या मोज्यातल्या पायांना हात लावून नमस्कार केला. वयानं ती सरांहून मोठी असेल. सरांनी पाय मागं घेतले नाहीत.

सर अजून असतील किंवा नसतील. असतील तर त्यांचं वाईट व्हावं असं मला वाटतं, आणि तसं वाटण्यात मला काही गैर वाटत नाही. पार्टनर परदेशात आहे म्हणे, टेन्शन न घेता.

येताना बसमध्ये आई एकच वाक्य बोलली. "तू का न्हाई सांगिटलंस?" मी कंडक्टरकडून तिकिटं घेतली. तिनं पुन्हा विचारलं नाही.

पुढं वाशीतच एका छोट्या ऑफिसात मला काम मिळालं. पहिल्या दिवशी सकाळी मी तयार होऊन देवापुढं उभी राहिले. वडील कामावर जायच्या आधी माझ्यासाठी थांबले होते, आकडा खांद्याला अडकवून दारात उभे. आईनं करंडा उघडला, बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्यापुढं आली. मी कपाळ पुढं केलं. ते लाल बोट माझ्या कपाळाच्या अगदी जवळ येऊन थांबलं, आणि मग तिनं ते आपल्या पदराला पुसून टाकलं.

"नगं," ती म्हणाली. "पयलाच दिस हाय. काय तरी बिगडंल."

"लाव गं आई. माणूस आहे मी, मशीन नाही."

"नगं बाई," म्हणून ती दूध उतू जातंय का बघायला आत गेली. शेगडी पेटवलेलीच नव्हती.

त्या वर्षीच्या दसऱ्याला तिनं आकडा घासला, पाटावर ठेवला, कुंकू लावलं. विळीला लावलं, शिलाई मशीनला लावलं. माझी पुस्तकं पाटावर नव्हती. पुढं माझं लग्न झालं तेव्हा पाठवणीला माझ्या कपाळाला कुंकू लावलं ते काकूनं, आणि आई मागं बायकांच्या घोळक्यात उभी होती, दोन्ही हात पदराखाली घेऊन.